ड्राइव्हवेची साइडपट्टी

न्यू जर्सीतल्या आमच्या घरापुढचा ड्राइव्हवे २५ फूट रुंद होता आणि त्यातले पाच फूट कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. आधीच्या मालकाकडे तिसरी गाडी असणार. गॅरेज दोन गाड्यांचं, म्हणून त्याने उजव्या अंगाला डांबराची पट्टी वाढवून घेतलेली. आमच्या गाड्या दोनच. त्या पट्टीवर एरवी कचऱ्याचे डबे उभे असत आणि थंडीत बर्फाचा ढीग. तिच्यावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या होत्या. भेगेत पाणी शिरतं, गोठून फुगतं, भेग रुंदावते, पुढच्या हिवाळ्यात आणखी पाणी शिरतं. इथल्या प्रत्येक जुन्या डांबराची गोष्ट अशीच असते.

तरी भेगांसाठी कुणी १५० चौरस फूट डांबर उखडत बसत नाही. आम्हाला मागच्या दारी फरशी घालून बसायला जागा करायची होती. परवानगीसाठी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत गेलो, तर तिथल्या बाईंनी प्लॉटचा नकाशा काढून बेरीज केली. छप्पर, ड्राइव्हवे, शेड, पायवाट मिळून पाणी न जिरणाऱ्या पृष्ठभागाची आमच्या झोनमधली मर्यादा जवळजवळ भरली होती. न्यू जर्सीतल्या पुष्कळ गावांत अशी मर्यादा असते. पावसाचं पाणी रस्त्यावर आणि तिथून नाल्यात लोटलं जाऊ नये, हा हेतू. ‘‘पुढचं थोडं काढा, तेवढं मागे घाला,’’ असा मार्ग त्यांनीच सुचवला. बायको म्हणाली, ‘‘पुढे निघेल त्या जागेत मी मेथी लावणार.’’ मेथीचं पुढे काय झालं ते येईलच.

एप्रिलमध्ये सासरे आले. त्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात. साताऱ्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात मुकादम होते; सगळी नोकरी मैलमजुरांबरोबर रस्त्यावर गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते ड्राइव्हवेवर उकिडवे बसले आणि बोटाने भेगा चाचपून म्हणाले, ‘‘कारपेट आहे हो, जावईबापू. वीस एमएम. पहार घातली की पापडासारखं सुटेल. एका दिवसाचं काम.’’

आपल्याकडच्या बारीक रस्त्यांवर खडीकरणावर डांबराचं २० मिलिमीटरचं कारपेट असतं, त्या हिशेबाने ते बरोबर होते. इथे घरगुती ड्राइव्हवेवरही गरम मिश्रणाचा दोन ते तीन इंचांचा थर दाबलेला असतो आणि त्याखाली चार-सहा इंच खडी. मी मागच्या टोकाला, गॅरेजजवळ, छिन्नीने एक भोक पाडून पाहिलं. अडीच इंच. ३० फूट गुणिले पाच फूट, अडीच इंच जाडी. घनफुटाला १४५ पौंड धरले तर साडेचार हजार पौंड, म्हणजे दोन टनांच्या थोडं वर. हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्यावर सगळी आखणी केली. भोक एकच पाडलं होतं, हे मनात ठेवा.

रेघ

डांबर काढणं हे अंगमेहनतीचं काम आहे, त्यात फार डोकं लागत नाही. डोकं लागतं ते कुठवर काढायचं हे ठरवायला. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: गॅरेजपासून फुटपाथपर्यंत ३६ फूट, सहा फूट आत दोरी बांधायची, चुन्याची रेघ मारायची, कापायचं. रेघ मारूनही झाली होती.

अण्णांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत. बागेची नळी आणून पुढच्या-मागच्या चारही टायरांवर पाणी मारलं आणि म्हणाले, ‘‘गाडी रस्त्यावर घ्या. आता रोज येता तसे आत या. मुद्दाम नीट येऊ नका.’’

मी आलो. उतरून पाहिलं तर कोरड्या डांबरावर चार ओले पट्टे उमटलेले. उजवीकडून वळून आत शिरताना पुढचं चाक रेघेच्या बरंच आत होतं. मागचं उजवं चाक मात्र कोपरा कापून रेघेच्या बाहेर दीड फूट गेलं होतं. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात हे ट्रकमागे सायकल चालवलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मला स्वतःच्या दारात ठाऊक नव्हतं, कारण आजवर तिथे डांबर होतं आणि चाकाने काय केलं ते दिसायचं कारण नव्हतं. तसंच कापलं असतं तर रोज संध्याकाळी एक चाक कडेवरून मातीत उतरलं असतं आणि परत कडेवर चढलं असतं. डांबराची उघडी कड याच्याइतकी दुसऱ्या कशाने तुटत नाही.

मग बायकोची गाडी, मग उलटी बाहेर काढताना, मग पाहुणे लावतात तशी वाकडी. अर्धा तास आम्ही टायर ओले करत होतो. समोरच्या घरातले आजोबा पडदा सरकवून बघत होते. शेवटी रस्त्याकडचे सहा फूट आहेत तसे ठेवायचे, तिथला कोपरा तिरका कापायचा आणि बाकीचे ३० फूट काढायचे असं ठरलं. गाडीचं दार उघडून उतरणाऱ्याचा पाय कुठे पडतो तेही पाहिलं. सहा फूट रुंद पट्टी काढण्याचा माझा मूळ बेत त्यातच पाचावर आला होता.

फुटपाथ आणि त्यापलीकडे रस्त्यापर्यंतचा उतार यांना हात लावायचा नव्हताच. तो भाग सार्वजनिक हद्दीत येतो, त्याची परवानगी वेगळी. आणखी एक बरं झालं: पट्टी घराच्या भिंतीला लागून नव्हती. भिंतीलगतचं डांबर काढून तिथे भुसभुशीत वाफा केला आणि उतार भिंतीपासून बाहेर ठेवला नाही, तर आजवर रस्त्याकडे वाहणारं पाणी तळघरात उतरतं. तसं असतं तर मी या कामाच्या वाटेला गेलो नसतो.

फोन, रंग आणि डांबर गोळ्या

अमेरिकेत खणण्याआधी ८११ ला फोन करायचा असतो. फुकट असतो, आणि न्यू जर्सीत कामाआधी निदान तीन पूर्ण कामाचे दिवस राखून करावा लागतो. आपण खणायची जागा पांढऱ्या रंगाने आखून ठेवायची. मग एकेका कंपनीची माणसं येऊन आपापल्या नळ्या-तारा जमिनीवर रंगवून जातात. गॅसचा पिवळा, विजेचा लाल, पाण्याचा निळा, फोन-इंटरनेटचा नारिंगी, सांडपाण्याचा हिरवा. आमच्या पट्टीत फक्त एक नारिंगी रेघ आली, तीही टोकाला. मीटरच्या पुढे घरमालकाने स्वतः जे काही पुरलंय ते मात्र ही माणसं दाखवत नाहीत. आमच्याकडे ते होतं. पन्हाळीचं पाणी नेणारा चार इंची प्लास्टिकचा पन्हळी पाइप पट्टीला आडवा गेला होता, आणि तो मला टिकावानेच सापडला. दुकानातून जोड आणून अर्ध्या तासात दुरुस्त झाला, म्हणून इथे एवढंच.

दुसरी चौकशी जास्त महत्त्वाची ठरली. मराठीत आपण सगळ्यालाच डांबर म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. दगडी कोळशापासून निघतं ते कोल टार. पेट्रोलियम गाळताना तळाशी उरतं ते बिटुमेन. आजच्या रस्त्यात असतं ते बिटुमेन, तेही वजनाने पाचेक टक्के. बाकी खडी आणि वाळू. कपाटातल्या डांबर गोळ्यांचा वास मात्र पहिल्या जातीचा, कारण नॅप्थलीन मुळात कोल टारमधूनच काढत. इथे गोम अशी की अमेरिकेत ड्राइव्हवेवर दर काही वर्षांनी काळा सीलकोट फासतात, आणि पूर्वेकडच्या राज्यांत तो पुष्कळदा कोल टारचा असे. त्यातल्या काही घटकांनी कर्करोग होऊ शकतो. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहराने २००६ साली त्यावर बंदी घातली, २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्याने.

ढोबळ परीक्षा घरी करता येते. खिळ्याने वरचा थर थोडा खरवडायचा, ती भुकटी काचेच्या बरणीत मिनरल स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करायच्या द्रवात) टाकायची आणि अर्धा तास ठेवायची. बिटुमेन त्यात विरघळतं, द्रव कॉफीसारखा होतो. कोल टार फारसं विरघळत नाही, रंग फिक्या चहासारखा राहतो. आमची बरणी खिडकीत ठेवली होती. अर्ध्या तासाने बायकोने ती उजेडात धरली, न बोलता माझ्याकडे दिली आणि मग म्हणाली, ‘‘तुझ्या आईच्या हातचा चहा.’’ (आई दूध घालत नाही आणि पूडही हात राखून टाकते.)

ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे. पण उरलेल्या २० फुटांवर तोच सीलकोट होता आणि त्याची धूळ वाफ्यात येत राहणार होती. मेथी रद्द झाली. ‘‘झेंडू लावू,’’ बायको म्हणाली, ‘‘दसऱ्याला तरी होईल.’’ कामाचे बूट आम्ही गॅरेजच्या बाहेरच काढायचे असाही हुकूम निघाला.

कापणं

करवत भाड्याने आणली: पेट्रोलवर चालणारी, १४ इंची हिऱ्याचं पातं, पातं भिजत ठेवायला पाण्याची नळी जोडायची सोय. दुकानातल्या मुलाने आधी काँक्रीटचं पातं बसवून दिलं होतं. ते डांबराला चालत नाही, आणि कारण मला आवडलं म्हणून सांगतो. पात्याच्या कडेला हिऱ्याचे कण धातूत रुतवलेले असतात. काँक्रीट कठीण, त्यात हिरे लवकर बोथटतात. म्हणून तो धातू मऊ ठेवतात, की तो झिजावा आणि आतले ताजे हिरे उघडे पडावेत. डांबर मऊ, पण त्यातली खडी-वाळू मोकळी होऊन कानशीसारखी घासते. मऊ धातू तिथे बघता बघता संपतो आणि हिरे न वापरताच गळून पडतात. डांबराच्या पात्याला म्हणून कडक धातू लागतो. पातं बदलून घेतलं.

पाणी लावल्याशिवाय कापू नये. खडीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. पाणी असलं तरी एन-९५ मास्क, कानावर मफ, डोळ्यांवर गॉगल, पोलादी टोकाचे बूट. कापताना निघणारा काळा चिखल वाळण्याआधी फावड्याने गोळा केला. वाळला की पुन्हा तीच धूळ. रस्त्याकडेच्या गटारात तो जाऊ नये म्हणून अण्णांनी उताराच्या खालच्या बाजूला वाळूच्या पिशव्या आडव्या टाकल्या होत्या. पावसाळ्यात खड्डे बुजवणाऱ्या माणसाचा हात. सांगावं लागलं नाही.

पहिल्या फेरीत फक्त इंचभर खोल खाच, दोरीवर नजर ठेवून. दुसऱ्या फेरीत पूर्ण खोली. एकदम खोल घातलं की पातं तिरकं जातं आणि मग ते सरळ करता येत नाही. मागच्या अर्ध्या भागात पातं खाली खडीला लागल्याचं हाताला कळत होतं, आवाज बदलायचा. पुढच्या अर्ध्यात तो बदल आलाच नाही. मला वाटलं, कान मफमध्ये आहेत म्हणून.

दोन थर

शनिवारी सकाळी सात वाजता बाहेर सहा अंश सेल्सियस होतं. हे मुद्दाम निवडलेलं. गार डांबर कडक असतं, सुटतं आणि तुटतं. ऊन चढलं की तेच लवचीक होतं. पहार घातली की वाकतं, पण मोडत नाही. काम सात ते अकरा, पुढे हात आखडता, असं ठरवलं होतं.

पहार इथेही मिळते. सहा फुटी, १७ पौंडी, एका टोकाला चपटी. अण्णांनी हातात घेऊन तोलली आणि मान हलवली. तिने काम कसं होतं ते त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत दाखवलं. मी घण घेऊन वरून मारत होतो, आणि डांबरावर पांढरे डाग पडण्यापलीकडे काही होत नव्हतं. खाली सगळीकडून आधार असेल तर घाव जमिनीत जिरतो. त्यांनी गवताकडच्या बाजूने पहारेचं टोक डांबराखाली घातलं, मागे विटेचा टेकू दिला आणि पहारेवर भार टाकला. फरशीएवढा भाग इंचभर उचलला गेला. पायाने एक दगड त्या फटीत सरकवला, पहार काढली. ‘‘आता मारा.’’ एका घावात तुकडा मोडला. खाली पोकळी होती.

दीड फूट लांब, एक फूट रुंद, अडीच इंच जाड तुकडा २० किलोच्या आसपास भरतो. एकट्याने उचलायला तेवढाच बरा. मी उचलायचो, अण्णा पहार धरायचे. अकरापर्यंत मागचे १५ फूट साफ. त्यांचं एका दिवसाचं भाकीत खरं ठरणार असं वाटायला लागलं होतं.

रविवारी सोळाव्या फुटाला पहार आत जाईना. गवत आणखी खणलं, तेव्हा कडेचा छेद दिसला: वर अडीच इंच डांबर, मग एक चकचकीत काळी रेघ, आणि खाली आणखी अडीच इंच डांबर. पुढच्या भागात भेगा जास्त पडल्या असणार. कुणीतरी जुनं न काढता त्यावरच नवा थर ओढला होता. मधली रेघ म्हणजे जुना सीलकोट. खूण तर डोळ्यांसमोर होती. फुटपाथला जिथे ड्राइव्हवे मिळतो तिथे डांबर दोन-अडीच इंच वर उठलेलं होतं, बर्फाचं फावडं दर हिवाळ्यात तिथे अडकायचं, आणि मी दर हिवाळ्यात फुटपाथला शिव्या द्यायचो. पुढच्या टोकाला एक, मध्ये एक अशी आणखी दोन भोकं पाडली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं.

अण्णा त्या छेदाकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘आमच्याकडेही असंच,’’ एवढंच म्हणाले.

वरचा थर छान सुटला, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा, त्या काळ्या रेघेवरून. खालचा सुटेना. आणि करवतीचा काप तिथे पुरा खोल गेलाच नव्हता. मी अडीच इंचांच्या हिशेबाने तीन-साडेतीन इंच घातला होता. तसंच उपटलं असतं तर ठेवायच्या भागाचा तुकडाही बरोबर आला असता. काम थांबवलं. पुढच्या शनिवारी करवत पुन्हा भाड्याने.

वजनाचा हिशेबही कोसळला. अर्धी पट्टी दुप्पट जाड, म्हणजे दोनऐवजी तीन टनांच्या वर. मी दहा घनयार्डांचा लोखंडी डबा मागवला होता. दिसायला अवाढव्य, पण वजनाची मर्यादा तीन अमेरिकन टन, म्हणजे २,७०० किलोंच्या आसपास. तळाला फूटभर डांबर पसरलं की मर्यादा संपते आणि वर रिकामा डबा आपल्याकडे बघत राहतो. शेजाऱ्याला वाटलं आम्ही अजून सुरुवातच केलेली नाही. कंपनीला फोन करून मधेच एक डबा नेऊन दुसरा मागवावा लागला, आणि त्याचे पैसे अर्थातच वेगळे पडले.

डब्यात माती किंवा खडी टाकू द्यायची नाही, यावर अण्णा आधीपासून अडून बसले होते. त्यांना काही नियम माहीत नव्हते, नुसतं मिसळलेलं बघवत नव्हतं. डांबर एकीकडे, खडी दुसरीकडे, माती ताडपत्रीवर. ते कामाला आलं. निव्वळ डांबर असेल तर ते दळून, तापवून पुन्हा रस्त्याच्या मिश्रणात जातं आणि ते टाकायचा दर कमी. माती मिसळली की तो कचरा. १८७० साली नेवार्क शहरात, विल्यम स्ट्रीटवर, एडवर्ड डी स्मेट या बेल्जियन रसायनतज्ज्ञाने अमेरिकेतला पहिला खरा डांबरी रस्ता केला. ते ठिकाण आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. अण्णांना एका रविवारी नेऊन दाखवलं. ते खाली वाकले, हाताने पृष्ठभाग चाचपला आणि विचारलं, ‘‘हा तोच का?’’ तो अर्थातच नाही.

डांबराखालची खडी बघून मात्र ते खूश झाले. काळी, वजनदार, धारदार कडांची. ‘‘ही तर आपली,’’ म्हणाले. खरंच नातं आहे. न्यू जर्सीच्या वॉचंग डोंगरांतला बेसॉल्ट रस्त्यांसाठी फोडतात, त्याला इथे ट्रॅप रॉक म्हणतात. दख्खनच्या पठाराला भूशास्त्रात डेक्कन ट्रॅप म्हणतात तोच शब्द, पायऱ्यांवरून आलेला. वॉचंगचा लाव्हा २० कोटी वर्षांपूर्वीचा, सह्याद्रीतला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सासऱ्यांना आपला दगड लहान असल्याचं फारसं आवडलं नाही.

साइडपट्टी

दुसऱ्या रविवारी दुपारी सगळं डांबर निघालं, आणि मला वाटलं काम झालं. खडी उपसून माती घालायला मी फावडं उचललं, तर अण्णा आडवे आले.

‘‘कडेची खडी काढायची नाही. एक फूट बाहेरपर्यंत आहे तशी राहू द्या.’’

‘‘तिथे झाडं कशी लागतील?’’

‘‘लागणार नाहीत. ती साइडपट्टी आहे.’’

महाराष्ट्रात राज्यमार्गावरून गाडी चालवलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. साइडपट्टी खचली की रस्त्याची कड उघडी पडते, उघड्या कडेवर चाक आलं की खाली आधार नसतो, एक लचका तुटतो, मग दुसरा. डांबर दाब चांगला सोसतं, पण फक्त खालून आणि बाजूने आवळलेलं असेल तरच. आमच्या ड्राइव्हवेची आजवरची कड, ती पाच फुटांची पट्टी, हीच एक प्रकारे साइडपट्टी होती; तिने स्वतः भेगा खाल्ल्या आणि आतल्या भागाला सांभाळलं. ती काढल्यावर तिच्या जागी कुणीतरी पाहिजे. घरच्या घरी डांबर काढणारे बहुतेक लोक इथेच थांबतात आणि दोन वर्षांनी ‘आता पुढचे दोन फूटही खराब झाले’ म्हणतात.

कापलेल्या कडेला आधी डांबराचं इमल्शन ब्रशने फासलं, म्हणजे छेदातून पाणी आत मुरणार नाही. मग फूटभर ठेवलेल्या खडीवर कडेला घट्ट टेकवून ६० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट पेव्हरची एक ओळ, उभ्या सैनिकांसारखी, लांब बाजू कडेला काटकोनात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी दहा इंची खिळ्यांनी ठोकली. मागच्या अर्ध्यात सगळं आपोआप जमलं: डांबर अडीच इंच, म्हणजे ६३ मिलिमीटर, पेव्हर ६०. वरचा पृष्ठभाग डांबरापेक्षा तीन मिलिमीटर खाली. पाणी त्यावरून वाफ्यात वाहून जावं आणि बर्फाच्या फावड्याने पेव्हर उचकटू नये, यासाठी इतकाच फरक हवा असतो.

पुढच्या अर्ध्यात डांबर पाच इंच होतं. तिथे पेव्हरखाली जवळजवळ अडीच इंच भर घालावी लागली. दाबायचं यंत्र भाड्याचं, ते पाच वाजता परत द्यायचं होतं आणि साडेचार वाजले होते. मी ते नेऊन दिलं आणि उरलेलं हाताने धुमस करून बसवलं. अण्णा दमून आत गेले होते. जाताना सांगून गेले होते, ‘‘इंच-इंच थर घाला, पाणी मारा, मग धुमस.’’ मी सगळी खडी एकदम घातली आणि वरून धुमस केली. वर टणक लागत होती.

वाफ्याची जागा खणताना खाली लाल माती निघाली, कोकणातली वाटावी अशी. मध्य न्यू जर्सीच्या लाल शेलची. इतकी वर्षं दाबाखाली राहून विटेसारखी झालेली. फूटभर खोल फोडायला दोन संध्याकाळी गेल्या, वर कंपोस्ट. रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवला. त्यांनी आम्लता आणि खतांचा हिशेब पाठवला, त्याप्रमाणे घातलं. मे महिन्याच्या मध्यावर, थंडीची भीती सरल्यावर, झेंडूची रोपं लागली. काढलेली डांबराची जागा मोजायला टाउनशिपचा माणूस आला, टेप लावली, सही केली. मागची फरशी ऑगस्टमध्ये झाली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अण्णा परत गेले. दसऱ्याला झेंडू भरपूर होता. बायकोने तोरण केलं आणि उरलेली फुलं शेजारी वाटली. समोरच्या आजोबांनाही.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी दोरी बांधून कड तपासली. मागचा अर्धा जसाच्या तसा. पुढच्या अर्ध्यात चार फुटांच्या लांबीत पेव्हर दहा मिलिमीटर खचले होते, आणि लागूनच्या डांबराच्या कडेवर बोटभर लांबीची एक नवी भेग. जागा अगदी तीच, साडेचार वाजताची.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. बायको नव्या रोपांचे ट्रे दाखवायला लागली, तर अण्णा म्हणाले, ‘‘ते असू दे. कड दाखवा.’’ मी फोन खाली धरला. ते बघत राहिले. ‘‘किती थर केले होते?’’ मी खरं सांगितलं.

शनिवारी बारा पेव्हर उचलले. खालची खडी हाताने उकरली. वरचा इंच घट्ट, त्याखाली मूठ घातली तर शिरत होती. सगळी काढली, एक इंच घातली, पाणी मारलं, धुमस केली. मग दुसरा इंच, मग उरलेला अर्धा. भेगेत इमल्शन भरलं. पेव्हर परत बसवून दोरी ताणली आणि फोन जमिनीला टेकवून धरला, म्हणजे दोरी आणि पेव्हर यांच्या मध्ये कुठे उजेड दिसतो का ते त्यांना बघता यावं. साताऱ्यात रात्रीचे नऊ वाजले होते. त्यांनी मला तीस फूट गुडघ्यांवर सरकायला लावलं.

‘‘काढा दोरी,’’ म्हणाले.